सुट्टीतली एका दिवसाची सुट्टी

परदेशी सहलीचा मराठी शिरस्ता पक्का आहे. निघाले सगळे तर फिरणार सगळे, जेवणार सगळे आणि प्रत्येक फोटोत दिसणारही सगळे. दोन-तीन वर्षं पैसे साठवलेले असतात, आजी-आजोबांच्या पासपोर्टवरची स्पेलिंगं जुळवून व्हिसा काढलेला असतो, चिवडा आणि मेतकूट बॅगेत आधीच जाऊन बसलेलं असतं. एवढा खटाटोप करून तिथे पोहोचल्यावर घरातला एखादा रात्री जेवताना म्हणतो, “उद्या मी भाड्याने मोटारसायकल घेतो आणि एकटाच जंगलातून फिरून येतो.” उत्तर ठरलेलं असतं. “एकटंच फिरायचं होतं तर आम्हाला कशाला आणलं?”

प्रश्न रास्त आहे. त्यामागचं गृहीतक मात्र तपासून घ्यायला हवं. घरी तरी कोण चोवीस तास एकमेकांना चिकटून असतं? बाबा ऑफिसात, आई तिच्या कामावर, मुलं शाळेत नाहीतर क्लासला, आजोबा कट्ट्यावर आणि आजी भिशीला. संध्याकाळी सगळे एकत्र जमतात तेव्हा प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. परदेशात मात्र सहा माणसं दोन खोल्यांत आणि एका भाड्याच्या गाडीत दहा दिवस काढतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर धुसफूस सुरू होते. अशा सहलीत प्रत्येकाला एक मोकळा दिवस मिळायला हवा. ज्याला तो दुचाकीवरून, एकट्याने, वर्षावनात घालवायचा असेल त्याने तो तसा खुशाल घालवावा. फक्त तो दिवस चोरीचा नको, हिशेबातला हवा. घरच्यांना आधी माहीत असलेला, कागदपत्रं चोख असलेला, आणि ज्याची परतफेड त्याच सहलीत होणार आहे असा.

असा दिवस जमवायला सर्वांत सोयीची जागा शोधायची तर ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य कोपऱ्यातलं केर्न्स पुढे येतं. इथला भूगोलच कुटुंबाचे दोन गट पाडून देतो. समोर ग्रेट बॅरिअर रीफ, १९८१ पासून जागतिक वारसा. पाठीशी वेट ट्रॉपिक्सचं वर्षावन, तेही १९८८ पासून त्याच यादीत. उत्तरेला केप ट्रिब्युलेशनपाशी तर झाडी थेट वाळूपर्यंत उतरते आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली प्रवाळ सुरू होतं. रीफला जाणाऱ्या बोटी सकाळी सुटतात आणि दुपार कलल्यावर परततात. मुलं समुद्रात नांगरलेल्या फलाटावरून पाण्यात उतरतात, आजी-आजोबा काचेच्या तळाच्या होडीत बसून मासे बघतात. ज्याला बोट लागते त्याच्यासाठी हा दिवस म्हणजे शिक्षाच. नेमका त्याच वेळात जमिनीवरून उत्तरेकडे जाऊन परत येणारा एक रस्ता आहे. जाऊन-येऊन साधारण २८० किलोमीटर. संध्याकाळी दोन्ही गट एकाच टेबलावर जेवायला बसू शकतात.

भारतीय दुचाकीस्वाराला सुरुवातीलाच एक दिलासा मिळतो. ऑस्ट्रेलियात वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे चौकात आल्यावर डोकं उलटं करावं लागत नाही. केर्न्स सोडलं की कॅप्टन कूक हायवे लागतो. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकारांच्या हाताला काम द्यायचं म्हणून तो खणला गेला आणि १९३३ मध्ये खुला झाला. उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर, मध्ये जेमतेम दोन पदरी रस्ता. जगातल्या देखण्या सागरी रस्त्यांत त्याची गणना होते ती उगाच नाही. पुढे मोसमनजवळ उसाचे फड सुरू होतात आणि सांगली-कोल्हापूरच्या माणसाला क्षणभर आपण नक्की कुठे आलो असं होतं. मात्र इथला ऊस बैलगाडी-ट्रॅक्टरने जात नसे, त्यासाठी अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाड्या होत्या. मोसमनचा साखर कारखाना अलीकडेच बंद पडला. उसाच्या पट्ट्यात असे रूळ ठिकठिकाणी रस्ता कापून जातात, आणि पावसात ओल्या रुळावरून तिरकं जाणारं चाक कसं सटकतं ते दुचाकीवाल्याला निराळं सांगायला नको.

मग डेनट्री नदी येते. तिच्यावर पूल नाही. पोलादी दोरांवरून सरकणारी एक फेरी गाड्यांना पलीकडे नेते. पूल बांधावा की नाही हा तिथला जुना वाद आहे. पूल झाला तर पलीकडे वस्ती आणि वर्दळ दोन्ही वाढतील, हे विरोधकांचं म्हणणं कोकणात प्रत्येक खाडीपुलानंतर जमिनींचे भाव कसे चढले हे पाहिलेल्या कुणालाही चटकन पटावं. फेरीवर इंजिन बंद करून काही मिनिटं उभं राहायचं, खालच्या गढूळ पाण्यात मगरी असतात हे ध्यानात ठेवायचं आणि पलीकडे उतरायचं. पलीकडच्या वस्तीला सरकारी वीजजाळ्याची जोडणी नाही. घरं आणि हॉटेलं सौरऊर्जेवर आणि जनरेटरवर चालतात. मोबाइलची रेंजही बहुतेक ठिकाणी गायब होते.

आणि इथून खरं वर्षावन सुरू होतं. ॲलेक्झांड्रा डोंगररांगेचा घाट चढताना वर पानांचं छत मिटत जातं, हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते, अंगावरचं जॅकेट घामाने आणि दमट हवेने जड होतं. कारमधून काच वर करून जाणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. दुचाकीवर तापमानाची प्रत्येक पायरी अंगाला लागते. ओढा जवळ आला की हवा गार होते, उन्हाचा कवडसा आला की लगेच ऊब जाणवते, आणि कुजणाऱ्या पानांचा वास ताम्हिणीत किंवा आंबोलीत जुलैमध्ये येतो त्याच्या अगदी जवळचा असतो. हे साम्य केवळ भासाचं नाही. भारत आणि ऑस्ट्रेलिया कोट्यवधी वर्षांपूर्वी गोंडवन या एकाच महाखंडाचे तुकडे होते. डेनट्रीच्या झाडीत अंगाला आणि कपड्यांना हुकांसारखे काटे लावून धरून ठेवणारी वेतकुळातली वेल आहे. आपल्या पश्चिम घाटातला वेत तिच्याच जातकुळीतला. सह्याद्रीची जंगलं २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, डेनट्री त्याच्या २४ वर्षं आधी.

या वनाची परंपरा दहा कोटी वर्षांहून जुनी मानतात. सगळं वेट ट्रॉपिक्स क्षेत्र मिळून जेमतेम ९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या जमिनीच्या हजारात एक भाग. तरी फुलझाडांच्या आद्य कुळांपैकी कितीतरी इथे अजून तग धरून आहेत. १९७१ मध्ये इथल्या एका शेतकऱ्याची गुरं अचानक दगावली. त्यांच्या पोटात मोठाल्या, विषारी बिया सापडल्या, आणि त्या बियांच्या मागावर गेलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना हरवल्यात जमा झालेलं एक अतिप्राचीन फुलझाड पुन्हा हाती लागलं. इडिओस्पर्मम हे त्याचं आजचं शास्त्रीय नाव. झाडीत शिरताना ही गोष्ट आठवलेली बरी, कारण इथली हिरवाई शोभेची नाही. जिम्पी-जिम्पी नावाचं एक रोप आहे. पानं हृदयाच्या आकाराची, दिसायला मऊ. पण त्यावरच्या बारीक लवेने डंख केला की वेदना कधी कधी महिनोन्महिने परतून येते. गाडी रस्त्याकडेला लावून झाडीत ‘मोकळं’ होण्याची देशी सवय इथे महागात पडेल. ठिकठिकाणी स्वच्छतागृहं आहेत, ती वापरावीत.

या रस्त्याचा इतिहासही पोटात घेऊन जावा असा आहे. जून १७७० मध्ये जेम्स कूकचं जहाज इथल्या प्रवाळावर आदळलं, तेव्हा त्याने जवळच्या भूशिराला वैतागून केप ट्रिब्युलेशन हे नाव दिलं. आज डांबरी रस्ता तिथवर जातो आणि संपतो. त्यापुढची ब्लूमफील्ड ट्रॅक ही कच्ची वाट १९८३ च्या डिसेंबरात बुलडोझर लावून काढायला सुरुवात झाली, तेव्हा आंदोलक झाडांवर चढून बसले, काहींनी स्वतःला जमिनीत पुरून घेतलं. वाट काही थांबली नाही. १९८४ मध्ये ती झालीच. पण त्या आंदोलनाने सगळ्या ऑस्ट्रेलियाचं लक्ष या जंगलाकडे वळलं, आणि क्वीन्सलँड राज्य सरकारचा विरोध असतानाही १९८८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सप्टेंबर २०२१ मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानासह दीड लाख हेक्टरांहून अधिक जमिनीची मालकी ईस्टर्न कुकू यलंजी या मूळ रहिवाशांकडे परत गेली. म्हणजे आज तिथे जाणारा पर्यटक कुणाच्या तरी घरच्या अंगणातून गाडी नेत असतो. सुट्टीच्या दिवशी ताम्हिणीत फाटक्या सायलेन्सरचा आवाज दऱ्याखोऱ्यांत घुमवणाऱ्यांनी हा बेत आखण्याआधी जरा विचार करावा. त्यांना घाट हवा असतो, जंगल नको असतं.

जंगलाला मुळात वेग चालत नाही, आणि याचा पुरावा म्हणजे कॅसोवरी. माणसाच्या उंचीचा, न उडणारा, डोक्यावर शिरस्त्राण आणि मानेवर निळा रंग मिरवणारा हा पक्षी दोनशेहून अधिक झाडांच्या बिया पोटातून दूरवर नेऊन टाकतो. तो गेला तर कित्येक मोठ्या फळांच्या झाडांची पेरणी करणारं कुणी उरणार नाही. त्याच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत वाहनाची धडक आहे. इथे एक पिवळी पाटी प्रसिद्ध आहे. गतिरोधकाची खूण असलेल्या चित्रात कुणीतरी रंगाने फेरफार करून आडवा पडलेला कॅसोवरी केला आणि वर-खाली ‘आधी’ व ‘नंतर’ असं लिहिलं. सरकारी जाहिरातीपेक्षा ती नामी ठरली. तिचे फोटो आता टी-शर्टवर विकले जातात.

आता हिशेबाकडे. पहिला हिशेब कागदांचा. भारतात आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्षाची. मूळ परवान्यावर गिअरच्या मोटारसायकलची नोंद आहे का, हे बघावं. नुसता कारचा परवाना आणि वीस वर्षांचा अनुभव कुठल्याही पोलिसाला किंवा विमा कंपनीला दाखवून उपयोग नाही. परवाना सगळीकडे सारखा चालतो हाही भ्रम आहे. भारताचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा, तर अलीकडे मराठी पर्यटकांचा लाडका झालेला व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचाच परवाना मानतो. तिथे हॉटेलबाहेर उभी असलेली स्कूटर कुणीही हसत हसत देतो, पासपोर्ट ठेवून घेतो, आणि अपघात झाला की तोच पर्यटक बिनपरवाना चालक ठरतो. बालीत तर परदेशी पर्यटकांच्या बेबंद गाडी चालवण्याला कंटाळून २०२३ च्या मार्चमध्ये तिथल्या गव्हर्नरांनी पर्यटकांना दुचाकी भाड्याने देण्यावरच बंदीचा प्रस्ताव मांडला होता.

प्रवासविम्याचंही तेच. अनेक पॉलिसींत दुचाकी चालवताना झालेली दुखापत वगळलेली असते, किंवा इंजिनाच्या क्षमतेची, हेल्मेटची आणि वैध परवान्याची अट असते. ही पानं मुंबई-पुण्यात असतानाच वाचायची असतात. परदेशातल्या इस्पितळाचं बिल एका माणसाच्या हौसेचं राहत नाही, ते सगळ्या घराच्या बचतीतून जातं. एकट्याची राइड ही खासगी बाब आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी या एका मुद्द्यापाशी थांबावं.

दुसरा हिशेब सुरक्षिततेचा, आणि तो जास्त वजनदार आहे. जिथे मोबाइल लागत नाही तिथे एकट्याने जाणं म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर. त्यावर उपाय आहेत, पण ते पाळायला हवेत. निघण्याआधी परतीची वेळ सांगायची, फेरीपाशी रेंज असेपर्यंत निरोप टाकायचा, पलीकडे गेल्यावर बेत बदलायचा नाही. ब्लूमफील्ड ट्रॅककडे भाड्याची रस्त्यावरची मोटारसायकल घेऊन वळायचंच नाही. ती वाट फोर-व्हील-ड्राइव्हची आहे आणि तिचे चढ भयंकर आहेत. दिवस मावळायच्या आत घाट उतरून खाली यायचं, कारण अंधार पडताना रस्त्यावर प्राणी येतात. केप ट्रिब्युलेशनला जाताना मार्जा किंवा दुबुजीच्या लाकडी पायवाटांवर तासभर चालायचं, रस्त्यात बागेतल्या फळांचं आइस्क्रीम मिळतं ते खायचं आणि मागे फिरायचं. किनारा कितीही मोहात पाडो, पोहायचं नाही. नोव्हेंबर ते मे या काळात तिथे प्राणघातक बॉक्स जेलीफिश असतात आणि मगरींना महिन्यांचा हिशेब नसतो.

ऋतूही मराठी शाळांच्या सुट्ट्यांशी अर्धाच जुळतो. कोरडा, राइडला योग्य काळ मे ते ऑक्टोबर. मेची सुट्टी त्यात बसते. दिवाळी उशिरा आली तर उकाडा सुरू झालेला असतो. नाताळ तर पुरता पावसाळी. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळ धडकलं आणि त्याच्या मागोमाग काही ठिकाणी चार-पाच दिवसांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडला. कॅप्टन कूक हायवे आणि ॲलेक्झांड्रा घाट दोन्हीकडे दरडी कोसळल्या, केप ट्रिब्युलेशन जगापासून तुटलं. इर्शाळवाडी आणि तळिये पाहिलेल्या महाराष्ट्राला दरड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. घाटाची बातमी आदल्या रात्री बघायची, रस्ता बंद असेल तर मुकाट बोटीत बसायचं. बोट लागली तर लागली.

सगळ्यांत अवघड हिशेब मात्र घरातला आहे, आणि त्याबद्दल दुचाकीस्वार मंडळी सहसा बोलत नाहीत. बहुतेक घरांत असा एकट्याचा दिवस मागतो पुरुष, आणि तो दिवस शक्य होतो बाईमुळे. मुलांचे ओले कपडे, सासूबाईंची गोळी, सासऱ्यांचं “आता परत कधी निघायचं?”, हे सगळं बोटीवर तीच एकटी निभावते. नवरा संध्याकाळी लाल माती आणि आनंदी चेहरा घेऊन येतो आणि फोटो दाखवतो. मग तिचा दिवस कधी? तिला विचारलं तर ती म्हणते, “मला काही नको, तुम्ही सगळे खूश तर मी खूश.” या उत्तरावर विश्वास ठेवणं ही सोयीस्कर आळशीपणाची गोष्ट आहे. बायकांना एकटं फिरायला आवडत नाही हा समज तर मोडीत निघालाच आहे. पुण्याच्या रमाबाई लटपटे मार्च २०२३ मध्ये नऊवारी नेसून गेटवे ऑफ इंडियापासून दुचाकीवर एकट्याच जगप्रवासाला निघाल्या. प्रत्येकीला तेवढं करायचं नसतं. कुणाला नुसतं चार तास कुणाच्याही भुकेची चौकशी न करता बसून राहायचं असतं, आणि ती मागणीही हायवेइतकीच खरी आहे.

डेनट्रीचा कॅसोवरी या बाबतीत आपल्या पुढे आहे. मादी अंडी घालून निघून जाते. नर सुमारे पन्नास दिवस अंड्यांवर बसतो आणि मग जवळपास नऊ महिने पिल्लांना घेऊन एकटाच हिंडतो.

लहान मूल अंगावरचं असेल, आई-वडिलांपैकी कुणाची तब्येत नाजूक असेल, तर ही राइड या सहलीत नको. हे कुणाला कठोर वाटलं तरी चालेल. जंगल पुढच्या वर्षीही तिथेच असेल. पण घर धडधाकट असेल तर विमानाची तिकिटं काढतानाच दोन दिवस वेगळे काढून ठेवावेत, एक त्याचा आणि एक तिचा, आणि तिचा आधी. केर्न्समध्ये तिच्या दिवसाला पर्याय भरपूर आहेत. १८९१ मध्ये सुरू झालेली, पंधरा बोगद्यांतून डोंगर चढणारी कुरांडाची आगगाडी आहे; येताना साडेसात किलोमीटर झाडांच्या शेंड्यांवरून तरंगत आणणारी स्कायरेल आहे. तिला हवं असेल तर ती मोटारसायकलही घेईल. त्या दिवशी मुलं आणि आजी-आजोबा बाबांकडे. त्यांच्यासाठी एस्प्लनेडवर खाऱ्या पाण्याचा मोठा सार्वजनिक तलाव आहे, प्रवेश फुकट, जीवरक्षक हजर, बाजूला सावली आणि बाकं. फक्त बुधवार धरू नये. त्या दिवशी सफाईसाठी तलाव दुपारपर्यंत बंद असतो.